देवडीचा अडसर

"दरवाजा नुसता लोटलेला असायचा, साहेब. ढकललं की उघडायचा. त्याला काय बंद म्हणायचं?" गावाच्या बाजूने बोलणारा सायलस कोब म्हणाला.

प्रिंगल साहेबांनी ते लिहून घेतलं. या देवडीचा निकाल लावायला कौन्सिलने त्यांना पाठवलं होतं. सराई होती तेव्हा बग्ग्या इथून आत यायच्या. आताची मालकीण रोवेना हिच्या वडिलांनी सराईचं घर केलं, त्यालाही चाळीस वर्षं झाली. गावकरी मात्र अजून इथूनच चर्चला जायचे. वीस वर्षांत वाट एकदाही अडवली नाही असं ठरलं, तर ती कायमची गावाची होणार होती.

इकडे देवडीचा डावा ओकचा खांब खचला होता. मध्ये भिंत घालून तुळईला आधार दिला नाही, तर वरची खोली खाली येणार होती; आणि वाट गावाची झाली, तर भिंत घालता येणार नव्हती. रोवेनाचे वडील त्याच खोलीत वारले, तीन आठवड्यांपूर्वी.

"दर गुड फ्रायडेला बाबा दिवसभर दरवाजा बंद ठेवायचे," रोवेना म्हणाली. तिने डायऱ्या पुढे केल्या. दर वर्षी तीच ओळ. दरवाजा बंद. अडसर घातला.

"तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"नाही. मी ईस्टरला यायचे. बाबा म्हणायचे, शनिवारी ये, आधी नको."

सायलस हसला. "तो अडसर जरा उचलून तर बघा, साहेब!"

भिंतीला टेकवलेल्या अडसराला प्रिंगल साहेबांनी हात घातला. एक टोक वर आलं, दुसरं जमीन सोडेना. त्यांनी हात झटकले.

"बायको जाऊन पंचवीस वर्षं झालेली, घरात एकटा म्हातारा, आणि म्हणे अडसर घातला!" सायलस म्हणाला. "त्या दिवशी प्रार्थना शेजारच्या गावी असते, सगळं गाव तिकडे. मी भावाकडे मासे धरायला जातो, पण आमची ही गावातच असते. विचारा हिला."

त्याची बायको नोरा मागे उभी होती. रोवेनाचे वडील रस्त्यात दिसले की ती मान फिरवायची, हे सगळ्या गावाला माहीत होतं. रोवेनाने डायऱ्या मिटल्या.

"बोला, बाई," प्रिंगल साहेब म्हणाले.

नोराने नवऱ्याकडे पाहिलं नाही. ती वरच्या खोलीच्या खिडकीकडे बघत होती.

"अडसर असायचा."

"अगं, पण एकट्याला तो उचलणार कसा?" सायलस ओरडला.

"एकटे नसायचे ते," नोरा म्हणाली. "दुसरं टोक मी धरायचे."