सकाळचं बटण

छोट्या ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डाचे चार स्क्रू काढून वायरवाल्या बाईनं आत टॉर्च मारला आणि म्हणाली, "अगंबाई!"

शेडच्या दारात स्टुलावर बसलेले म्हातारबुवा उगाचच खोकले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

काम तसं सरळ होतं. केबिनमध्ये हीटर बसवायचा आणि ते जुनं काळं बटण काढून टाकायचं. थंडीत इंजिन सुरू करण्याआधी आतून तापवावं लागतं; त्यासाठी किल्ली अर्धी फिरवून हे बटण दाबून धरायचं आणि धरल्या धरल्या किल्ली पूर्ण फिरवायची. म्हाताऱ्याची बोटं संधिवातानं वाकलेली, दोन्ही एकदम जमेना. म्हणून मुलगा रोज सकाळी, औषधांचं दुकान उघडण्याआधी, गावाच्या दुसऱ्या टोकाहून बटण दाबायला यायचा.

"नुसत्या किल्लीवर सुरू झाला पाहिजे, ताई," त्यानं फोनवर सांगितलं होतं. "घरचेही म्हणतात, रोजची खेप कशाला?"

पण बटणाची तार तर कापलेली होती. उंदरानं कुरतडली म्हणावं, तर पक्कडीनं सरळ कापून टोकाला टेपचे तीन नेटके वेढे दिलेले. शेजारून दुसरी, नवी तार बटणाला बगल देऊन थेट किल्लीकडे गेली होती. नको तिथं नाक खुपसायची बाईला खोडच. बटणाला हात न लावता तिनं किल्ली अर्धी फिरवली, दहा मोजले, मग पूर्ण फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. ज्या कामासाठी तिला बोलावलं होतं, ते कुणीतरी आधीच करून ठेवलं होतं. आणि झकास करून ठेवलं होतं.

तिनं इंजिन बंद केलं. "काका, नोकरीला कुठं होता तुम्ही?"

"गिरणीत."

"गिरणीत काय?"

"फिटर," म्हातारबुवा टोपी काढून पुन्हा घालत म्हणाले. पितळ उघडं पडलं.

"कधी केलंत हे?"

"मागच्या थंडीत. चांगला आठवडा गेला या बोटांनी. त्याला सांगणारच होतो गं. पण तो आला, बटण दाबलं, मग जरा टेकला, दुकानातल्या चार गमती सांगितल्या. म्हटलं, उद्या सांगू."

"आणि तो उद्या काही उजाडला नाही!"

म्हातारबुवा हसले नाहीत. "आता तू सांगशील. मग तो कशाला येतोय?"

"मी गिऱ्हाइकाशी खोटं बोलत नाही, काका. एवढी वर्षं त्याच्यावरच धंदा चाललाय माझा."

रागारागानंच तिनं पुढचं काम केलं. इंजिनाच्या गरम पाण्याचे दोन पाइप केबिनमध्ये आणले, हीटर घट्ट बसवला, पंखा जोडला. म्हातारबुवांना सीटवर बसवून, इंजिन सुरू करून हीटर चालवून दाखवला. गुडघ्यांवर ऊबदार वारा आला. फार बरं वाटलं त्यांना. तिनं इंजिन बंद केलं आणि तेवढ्यात फोन वाजला. हात ग्रीसनं माखलेले, म्हणून कोपरानंच तिनं स्पीकर लावला.

"झालं का, ताई? उद्यापासून सुटलो ना मी?"

म्हातारबुवा हीटरच्या खटक्याकडे असे बघत बसले होते, जणू त्यावर काही लिहिलंय.

"हीटर झाला," बाई म्हणाली. "बटणाचं नाही जमलं. ते तुम्हालाच येऊन दाबावं लागणार. रोज."

पलीकडून मुलगा हळूच म्हणाला, "ताई, बाबांना सांगू नका हं. पण जीव भांड्यात पडला माझा."