गुरुवारचे डॉक्टर

धोंडाबाई डॉक्टरांच्या खोलीतून स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आली. गायत्रीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, पायांकडे पाहिलं. उजव्या अंगठ्याचं नख तेवढं गेलं होतं. बाकी सगळं जागच्या जागी होतं.

"डागदर लई गुणाचा," बाकावर टेकत धोंडाबाई म्हणाली. "पाय कसा दोनी हातांत धरून बगतो. आमच्या मालकानं जन्मात धरला न्हाई." आणि स्वतःच खुदकन हसली.

गायत्री हसली नाही.

नसरापूरच्या या इमारतीत सात सर्जन मिळून दवाखाना चालवत. पोटाचे, हाडांचे, मूत्रमार्गाचे, रक्तवाहिन्यांचे, भाजलेल्यांचे, अगदी लहान मुलांचेसुद्धा. प्रत्येकाचा वार ठरलेला. हाडांचे मंगळवारी, रक्तवाहिन्यांचे गुरुवारी. पौषात एका बुधवारी गायत्री वडिलांना, आण्णांना, घेऊन इथं आली होती. चालताना त्यांची पोटरी भरून यायची, अंगठा निळसर झाला होता. मार्गासनीच्या शाळेत शिकवणाऱ्या गायत्रीने दारातला फलक वरपासून खालपर्यंत वाचला. पाय म्हणजे हाडं. तिने मंगळवारचा नंबर घेतला. रविवारी अंगठा काळा पडला. मंगळवारी हाडांच्या डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितलं, हाडाचं काही नाही, रक्त बंद झालंय. तशीच गाडी करून पुण्याला नेलं. शुक्रवारी आण्णा गेले.

महिन्याभराने शेजारच्या धोंडाबाईला तेच झालं. तशीच पोटरी, तसाच निळा अंगठा. तीही बुधवारीच आली. आणि वाचली.

आता रोज सकाळी दुधाची किटली घेऊन ती गायत्रीच्या खिडकीखालून डेअरीवर जायची. ती दिसली की गायत्री खिडकी लावून घ्यायची. पावलं तरीही ऐकू यायची. हिचा निदान पाय तरी गेला असता तर, असं मनात यायचं. मग स्वतःची लाज वाटायची. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच मनात यायचं.

कुणालाही हाडंच वाटली असती, असं ती स्वतःला समजावत आली होती. मग सहीसुद्धा न येणाऱ्या या बाईला कसं कळलं? आज धोंडाबाईच्या मुलाला, भिमाला, टेम्पोची फेरी होती. "मॅडम, आईसंगं जाता का जरा?" त्याने विचारलं तेव्हा गायत्री हो म्हणाली ती फक्त हे कळावं म्हणून.

"नशीब तुमचं, मावशी," ती म्हणाली. शब्द गोड होते, आवाज तसा नव्हता. "बरोब्बर गुरुवारच्या डॉक्टरांकडं गेलात."

"नशीब कसलं, पोरी? मला कुठं वाचाया येतंय? कोन कशाचा डागदर, मला काय म्हाईत. म्या आपली चप्पल काढली आन पाय उचलून धरला त्या काउंटरवरच्या पोरीम्होरं. म्हनलं, बये, ह्यो कुनाला दावू? समदी हसली. पर तिनं हात लावून बगितलं. म्हनली, आजी, पाय गार पडलाय, उद्या सकाळीच या."

गायत्री काउंटरकडे बघत राहिली.

त्या बुधवारी आण्णाही तिथंच उभे होते. एका हाताने काउंटरची कड धरून ते चप्पल काढायला वाकले होते. "काय करताय आण्णा, लोक बघतायत," ती दबक्या आवाजात म्हणाली होती. आणि त्यांनी मुकाट्याने पाय पुन्हा चपलेत सरकवला होता.