खुला गट

शंकूंच्या मधून गाडी पळवायची शर्यत होती. वेग वाढवायला गाडीच्या इंजिनात, वजनात जितके बदल जास्त, तितका गट वरचा. तो मात्र साध्या गाड्यांच्या गटात नाव घालायला गेला, तेही बायकोला सोबत घेऊन.

"काय काय बदललंय गाडीत?" तपासनिसाने विचारलं.

त्याने चोरून बायकोकडे पाहिलं. "छे हो, काहीच नाही. शोरूममधून आणली तशीच आहे."

तपासनिसाने बॉनेट उघडलं आणि नुसतीच मान हलवली. मग आत डोकावला. "मागची सीट कुठंय?"

"धुवायला दिलीय," बायको भाबडेपणाने म्हणाली. "केव्हाची! माझ्या आईला कुठं नेताच येत नाही."

तपासनिसाने हसू दाबलं. "तुम्ही सगळ्यात वरच्या, खुल्या गटात. घाबरू नका, तिथं दुसरं कुणीच नाही. पहिला नंबर तुमचाच."

त्याची कळी खुलली.

"एकाच गाडीवर दोघांना भाग घेता येतो का हो?" बायकोने विचारलं.

"येतो की."

परतताना दुसऱ्या नंबरचा कप मांडीवर घेऊन तो शेजारच्या सीटवर बसला होता. स्टिअरिंगवर बायको होती.

"उद्या ती सीट घेऊन या," ती म्हणाली. "माझा कप बघायला आईला आणायचंय."