बुडालेल्या चुलीचं गाणं

लिलाधर शेताच्या धुऱ्यावर, उंच बांधावर, मोबाईल धरून उभा होता. खाली बांधीच्या चिखलात बारा बाया ओळीनं वाकून धानाची रोवणी करत होत्या. त्याला ‘कवी आणि त्याची माती’ असा व्हिडिओ टाकायचा होता. गेल्या आठवड्यात त्याची कविता फेसबुकवर अशी पसरली, की गोसीखुर्द धरणाचं पाणीही एवढ्या गावांत शिरलं नसेल. कवितेखाली ठसठशीत नाव : लिलाधर.

मागच्या रोवणीत याच धुऱ्यावर बसून त्यानं ती रोवणाऱ्या जमुनाबाईच्या तोंडून गाणं म्हणून ऐकली होती. नाव टाकताना बोट जरा अडलं होतं. मग वाटलं, गाण्याला कुठं सातबारा असतो.

आणि या बायांची रीत अशी, की गाणं धरायच्या आधी ते कोणाचं, हे सांगायचं. “हे माह्या सिहोऱ्याच्या आत्याचं,” म्हणत जमुनाबाईनं पहिलं गायलं. दुसऱ्याला म्हणाली, “हे लाखांदूरच्या यष्टीत भेटलेल्या बाईचं. नाव नाई माहीत, पन होतं तिचंच.”

लिलाधरचे कान असे तापले, की त्यावर भाकर शेकली असती.

तिसरं तिनं काहीच न सांगता धरलं.

“माह्या चुलीत मासोळी, पिलं वाढवते बाई...”

ओळीतली नीतू कंबर धरून ताठ झाली. “काकी, हे तं लिलाधर भाऊचं होय. मोबाईलवर वाचलं मी. नाव घे ना त्याचं. आमाले शिकवते अन् सोता इसरते.”

बाया हसल्या. जमुनाबाईचं गाव धरणात गेलं, तेव्हापासून ती इथं राहायला आलेली. तिनं मनगटानं कपाळावरचा चिखल पुसला आणि धुऱ्याकडं पाहिलं.

“लिलाधर, तुही चूल कधी बुडाली रे बाप्पा?”

टोमणा नव्हता. खरंच विचारत होती. ‘काकी, गाणं तुझंच’, एवढंच लिलाधरला म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं ते, “चालू द्या, चालू द्या.”

जमुनाबाई वाकली, हातात पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची, जुडी घेतली आणि ओळीतल्या शेवटच्या बाईलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“हे आपल्या लिलाधरचं.”

बारा गळ्यांनी गाणं उचललं. लिलाधरनं मोबाईल खाली केला. समोर टेकाडावर त्याचं घर होतं. चुलीचा धूर सरळ वर चढत होता, बांधीतल्या साऱ्यांना दिसेल असा.