विश्वनाथकाकांची शिफारस

त्या माणसाने कोट आणला नव्हता.

बाहेर सौदीतल्या खोबरमध्ये सेहेचाळीस डिग्री होतं आणि आत, मॉलच्या पोटातल्या बर्फाच्या मैदानाशेजारी, तो दोन्ही हात काखेत खुपसून कुडकुडत बसला होता. पायात पातळ चामड्याचे बूट. शेजारी बुरैद्याच्या खजुराचा मोठा डबा, वर सोनेरी रिबीन.

विश्वनाथने बर्फ सपाट करायची गाडी जागेवर लावली आणि त्याला लगेच ओळखलं. महिनाभर कोच सांगत होता, कॅनडातल्या कुठल्याशा धाकट्या लीगचा माणूस या शुक्रवारपर्यंत येणार. आइस हॉकी खेळणारा एकच पोरगा बघणार, तो म्हणजे झयान. तिथे टिकला की वरच्या लीगचं दार उघडलं.

आज शुक्रवार होता.

शिवाय तासाभरापूर्वी झयान स्वतः येऊन गेला होता. बावीस वर्षांचा दांडगा गडी, पण कान लाल झाले होते. गारव्याने. "काका, आज एकजण येतील. तुम्ही मला दहाव्या वर्षापासून बघताय. विचारलं तर प्लीज नीट सांगा. सगळं त्यांच्यावर आहे."

"अरे, मी काय तुझा वैरी आहे?" विश्वनाथ म्हणाला होता.

आता तो सहज म्हणून बाकाजवळ गेला.

"रोज इथे असता?" माणसाने विचारलं. चक्क मराठीत.

"बारा वर्षं. बर्फाची सगळी मशीनं माझ्याकडे. फक्त काल नव्हतो, इकाम्याच्या परवान्यासाठी बोटांचे ठसे द्यायला गेलेलो. तुम्ही आपल्याकडचे?"

"मुरूडचा. चाळीस वर्षं झाली बाहेर."

विश्वनाथला कॅनडाचं कौतुक वाटलं. कोकणातला पोरगा जोखायला कोकणातलाच माणूस धाडला.

"तो सात नंबर," माणूस आवाज खाली आणून म्हणाला, "कसा आहे?"

"कोचला विचारा ना."

"कोच चांगलंच सांगणार. हाताखालच्या माणसाला विचारावं. तो रोज बघतो."

मुरलेला गडी, विश्वनाथ मनात म्हणाला.

पण मैदानावर घात चालला होता. झयानला आज काय झालं होतं कोण जाणे. जिथे धडक द्यायची तिथे तो लिफ्टपाशी 'आधी तुम्ही' करावं तसा बाजूला होत होता. समोरचा एक पोरगा घसरून पडला, तर याने काठी टाकून त्याला उठवलं, त्याच्या पाठीवरचा बर्फ झटकला. तेवढ्यात चकती याच्याच जाळ्यात गेली.

"शांत दिसतो," माणूस म्हणाला.

विश्वनाथला तो टोमणा झोंबला.

"शांत? आजच्यावर जाऊ नका, साहेब. एरवी जनावर आहे जनावर."

"जनावर?"

"गेल्या महिन्यात जेद्दाच्या एकाचं नाक फोडलं. चार टाके."

"रागाच्या भरात?"

"छे! हसत हसत."

माणसाचे हात काखेतून बाहेर आले. नंतर झयान त्या पोराच्या उशाशी बसून ढसाढसा रडला होता, तेवढं विश्वनाथने गाळलं. कॅनडाला रडकं पोरगं कशाला हवंय?

"तब्येत?"

"हाडं तीनदा मोडलीत. पुढचे दोन दात खोटे. बघून कळायचं नाही."

"नाही कळलं," माणूस पुटपुटला. "घरच्यांशी कसा वागतो?"

हा प्रश्न विश्वनाथला बरोबर समजला. परक्या मुलखात पोरं आईच्या आठवणीने खचतात, ती धास्ती. आईने, आमिनाभाभीने दिलेला डबा दोन घास काकांना दिल्याशिवाय झयान उघडत नसे. तेही गाळलं.

"घराची ओढ म्हणून नाही. आईचा फोनसुद्धा उचलत नाही. नोकरी आहे रास तनुऱ्याला, ती उद्या सोडायला एका पायावर तयार."

मध्यंतर झालं. झयान कोपऱ्यात हेल्मेट काढून फोनवर हळूच काही बोलला, हसला.

"कोणाशी बोलतोय?"

"असेल कोणीतरी. पोरी मागे असतातच, साहेब. पण जीव एकीतही अडकलेला नाही, ही माझी गॅरंटी. कुठेही पाठवा, मागे वळून बघणार नाही."

माणसाने क्षणभर डोळे मिटले. तोंड पांढरंफटक पडलं होतं. विश्वनाथने मनात नोंद केली, पुढच्या खेपेला यांना कोट द्यायचा.

मग तो उठला, विश्वनाथचा हात दोन्ही हातांत धरला. आवाज भरून आला होता.

"अल्ला तुमचं भलं करो. इतकं खरं आजकाल कोण सांगतं?"

डबा उचलून तो सामना संपायची वाटही न बघता निघून गेला. विश्वनाथने समाधानाने गाडीवर चढून बर्फावर दोन फेऱ्या जास्तच मारल्या.

सामना झयानचा संघ हरला. तरी तो धावतच आला.

"काका, गेले? काय म्हणाले?"

"शब्द फुटेना त्यांच्या तोंडातून! बॅग भर. कॅनडा पक्कं समज."

"कॅनडा?" झयान हसला. "कॅनडावाला काल येऊन गेला, काका. तुम्ही नव्हता. त्याने कागद पुढे केला, मी नाही म्हणून सांगितलं."

विश्वनाथ गाडीवरून खाली उतरला.

झयान बाकाखाली वाकून बघत होता. कान पुन्हा लाल झाले होते.

"डबा आत नेऊन ठेवलात का? मी पसंत पडलो तर मेहेकचे अब्बा खजुराचा डबा तुमच्यापाशी ठेवून जाणार होते."