झाकणभर खत

घड्याळकाकांनी खोकल्याच्या औषधाची बाटली काउंटरवर ठेवली. आत औषध नव्हतं. घरच्या फिशटँकमधलं पाणी होतं, पालक शिजवून काढावा तसं हिरवं.

"शेवाळ," दुकानदार बाटली न उचलताच म्हणाला. हा जिवंत मासे आणि पाण्यातली झाडं विकायचा. कुणी मासेवाला म्हटलं की भडकायचा. मासेवाले मेलेले विकतात, म्हणायचा. "खत जास्त होतंय, काका. झाडं खाऊन खाऊन किती खाणार? उरलेलं शेवाळ खातं. किती घालता?"

"आठवड्याला एक झाकण."

काकांनी ठणकावून सांगितलं खरं, पण मनात हिशेब पुन्हा मांडला. एक झाकण, रविवारी, सून बाजारात गेली की. मुलाने टँक आणला तेव्हा असंच सांगितलं होतं, आणि मुलाला जाऊन वर्ष होत आलं तरी काकांनी एक रविवार चुकवला नव्हता. चुकवतील कसे? त्यांच्या सकाळच्या फिरण्यावर अख्खी गल्ली घड्याळं लावायची, म्हणून तर हे नाव पडलेलं. तरी पाणी हिरवं होत चाललं होतं, पानांवर लवदार थर चढला होता, मासे सकाळी वर येऊन तोंडं उघडत होते. म्हणजे आपणच घालतो, विसरतो आणि परत घालतो. आपलं डोकं कामातून गेलं. ही भीती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. सांगणार कुणाला? घरात माणसं दोन, आणि त्यातले एक ते स्वतः.

सून वाईट होती असं मुळीच नाही. सकाळी डबा, संध्याकाळी चहा, सगळं जिथल्या तिथे. खोकला झाला तर काही न बोलता उशाशी औषध येऊन बसायचं, एक बाटली संपली की दुसरी. फक्त मुलाचा विषय आणि मुलाचा टँक, दोन्हींकडे ती बघायची नाही. हॉलमधून जायची तीसुद्धा मान वळवून. तिला सोसत नाही, असं काकांना वाटे. म्हणून खत ते चोरून घालत आणि टँकबद्दल अवाक्षर काढत नसत. विषय निघून हा टँक गेला असता तर मुलाच्या हातचं जिवंत असं घरात काहीच उरलं नसतं.

"घरात दुसरं कुणी घालत नाही ना?" दुकानदाराने विचारलं.

"कोण घालणार? मी एकटाच."

मग खताची नवी बाटली देऊ का, असं तो म्हणाला. काका म्हणाले नको, आहे अजून. मुलाने नेलेलीच? वर्षापूर्वीची? एवढीशी बाटली अजून पुरते म्हणजे द्रौपदीची थाळीच म्हणायची, असं म्हणत दुकानदार हसला. काकाही हसले. खरंच की, ती बाटली कधी संपलीच नव्हती.

"शेवाळाची साथच आलीय," दुकानदार म्हणाला. परवाच एक बाई असंच पाणी घेऊन आली होती. खत नेहमी इथूनच न्यायची. तीही म्हणे एकच झाकण घालते, बुधवारी. तिलाही त्याने हेच विचारलं, तर डोळ्यांत पाणीच आलं बिचारीच्या. "'घरात दुसरं आहे कोण,' म्हणाली. आणि बाटली इथेच विसरून गेली."

त्याने काउंटरखालून बाटली काढून काकांच्या बाटलीशेजारी ठेवली. तेच खोकल्याचं औषध. केमिस्टने पेनाने लिहिलेलं तेच लेबल: जेवणानंतर दोन चमचे. त्याच्या वर काकांचं नाव.

काकांना आधी हायसं वाटलं. डोकं शाबूत होतं. न संपणारी बाटलीही उमगली. मग त्यांना लाज वाटली. घरात दुसरं आहे कोण, असं ती म्हणाली होती. आणि आत्ता, याच काउंटरवर, ते तरी काय वेगळं म्हणाले होते?

दुकानदार उपाय सांगत होता. महिनाभर खत बंद. आज अर्धं पाणी काढायचं आणि ताजं भरायचं. नळीचं एक टोक टँकमध्ये, दुसरं बादलीत. पण एकट्याने करायचं काम नव्हे, नळी सुटली की हॉलभर पाणी.

"बादली धरायला आहे ना कुणी घरात?"

काकांनी दोन्ही बाटल्या उचलून पिशवीत टाकल्या.

"आहे," ते म्हणाले.

संध्याकाळी सून कामावरून आली, चपला काढल्या आणि नेहमीसारखी मान वळवून स्वयंपाकघराकडे निघाली. काका टँकपाशी हातात नळी घेऊन उभे होते. बाजूच्या स्टुलावर दोन बाटल्या, शेजारी शेजारी. ती थबकली. आधी तिने बाटल्या पाहिल्या. मग त्यांच्यादेखत, वर्षभरात पहिल्यांदा, टँककडे पाहिलं.

"बादली धर गं," काका म्हणाले. "मला एकट्याला जमत नाही."

तिने पर्स खाली ठेवली, बाह्या सारल्या आणि बादली धरली. नळीतून हिरवं पाणी पडायला लागलं. तुम्ही फिरायला गेलात की घालत होते बाबा, असं ती बादलीत बघतच म्हणाली. काकांनी मान हलवली. बादली भरली, पाणी काठावरून दोघांच्या पायांवर आलं, तरी पुरे असं कुणीच म्हणालं नाही.