नकाशात न बसणारी गाडी

तिसरीच्या लेकरांना घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढायला दिला होता. चिमणीची वही पाहून बाई हसल्या. "अगं, नकाशात एका जागी राहणाऱ्या गोष्टीच दाखवायच्या. घर, पूल, दवाखाना. पांढरी गाडी काय, आज आहे, उद्या नाही! खोड बघू." चिमणीने खोडरबर उचलला. "पण बाई, ती रोज आमच्या दारासमोरच असते." "आमच्यापण!" मागून आवाज आला. "आमच्या गल्लीच्या तोंडाशीपण!" बाईंचं हसू मावळलं. "कुणाची गं?" "काकांची. त्यांना आम्हा सगळ्यांची नावं पाठ आहेत. आज तेच न्यायला येणारेत, आईने सांगितलंय म्हणे." चिमणीची आई तर सकाळीच बाईंना बजावून गेली होती, "न्यायला मीच येईन." देवा, काय खोडायला सांगितलं मी! वही छातीशी धरून बाई धावल्या. "मामा, घंटा देऊ नका!" शिपाईमामा गोंधळले. "पहिलीच्या पोरांना मघाशीच सोडलं की, बाई."